लोणारचा दगड आणि लीनाचे डोळे

(स्पॉयलर आहेत. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, मग भांडू.)

परवा कँटीनमध्ये पुन्हा तोच वाद. 'अ‍ॅनिहिलेशन'च्या शेवटी जी बाहेर येते, ती लीना खरी की डुप्लिकेट? अ‍ॅलेक्स गार्लंडचा हा सिनेमा २०१८ चा, पण आमच्याकडे वाद काही शिळा होत नाही. टीममधल्या तिघांचं ठाम मत, "डोळे चमकले ना? संपलं. कॉपी आहे ती." 'एंडिंग एक्सप्लेन्ड' छाप व्हिडिओंनी ही सवय लावलीय. सिनेमा म्हणजे जणू बग. रूट कॉज सापडला की तिकीट क्लोज!

मला हे साफ नामंजूर आहे.

केनचं म्हणाल तर प्रश्नच नाही. दीपगृहातल्या व्हिडिओत खरा केन फॉस्फरस ग्रेनेडने स्वतःला जाळून घेतो. घरी परततो तो दुसराच. लीनाच्या बाबतीत उलटं. ती ग्रेनेड प्रतिरूपाच्या हातात देते आणि पळते. जळते ती कॉपी. म्हणजे तो डुप्लिकेट, ही ओरिजिनल, आणि तरी शेवटी डोळे चमकतात दोघांचेही. आता बोला! (हकीकत लीनाच सांगतेय, ती खोटं बोलत असेल, हा बचाव मला पाठ आहे. पण खोटंच बोलायचं तर स्वतःचं रक्त बदलल्याचं ती कशाला सांगेल?) कारण दीपगृह गाठायच्या आधीच ती आपलं रक्त मायक्रोस्कोपखाली बघते, आणि पेशींत ती झळाळी आलेली असते. चौकशीच्या खोलीत तिच्या हातावर गोंदलेला साप दिसतो, तोही आन्याच्या हातावर होता तसाच.

मी मूळचा मेहकरचा. सिनेमात आकाशातून काहीतरी येऊन दीपगृहावर आदळतं, तेव्हाच मला आमचं लोणार आठवलं होतं. जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते विवर ज्वालामुखीचं असावं, असं बरेच अभ्यासक मानत. उल्केचं म्हणावं तर उल्का कुठाय? पण १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जो भक्कम पुरावा मिळाला, तो उल्केचा तुकडा नव्हताच. तो होता इथलाच दगड. बेसाल्टमधला फेल्डस्पार आघाताच्या दाबाने, वितळून वाहून न जाता, काच होऊन बसला. त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. बाहेरून कणाचा आकार तोच, घटक जवळपास तेच, आतली स्फटिकाची मांडणी मात्र गेली. आता हा कण ओरिजिनल की डुप्लिकेट? तो दुसरीकडून आलेला नाही. कोणी त्याच्या जागी दुसरा ठेवलेला नाही. आणि तो पहिल्यासारखाही नाही. लीना मला तशी वाटते.

यावरून मी एवढा का तडकतो, तेही सांगून टाकतो. २०१९ मध्ये बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. आयुष्यभर गणित शिकवलेला, कुणापुढे डोळ्यातून टिपूस न काढलेला माणूस दवाखान्यातून घरी आला तो सिरियल बघून रडायला लागला. जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायला, आता दोन चमचे मागायचा. आई एकदा मला फोनवर म्हणाली, "हे आता थे नाही राहिले बाप्पा." आणि लगेच, "ठेवते, त्यांची गोळीची वेळ झाली."

असो. शेवटच्या प्रसंगात लीना विचारते, तू केन नाहीस ना? तो म्हणतो, बहुतेक नाही. मग तो विचारतो, तू लीना आहेस का? ती उत्तर देत नाही. दोघं एकमेकांना मिठी मारतात. आमचे तिघे त्या गप्प राहण्याला कबुलीजबाब म्हणतात. तिला तरी हो किंवा नाही असं उत्तर ठाऊक असेल का, हे एकालाही विचारावंसं वाटलेलं नाही. सोमवारी मीच विचारणार आहे.