टनांचं काय घेऊन बसलात?

आमच्या घरात एक किस्सा गेली अठरा वर्षं विनोद म्हणून सांगितला जातो. मला त्यात आता हसू येत नाही, म्हणून हा लेख.

कराडजवळच्या आमच्या गावी काकाची टाटा सुमो होती. वडापची. मे महिन्यातल्या एका दुपारी मागच्या पाट्यांचं काम निघालं. काकाने शेजारच्या ट्रकवाल्याकडून दहा टनी बाटली जॅक आणला, अंगणात गाडी उचलली, मागचं चाक काढलं, ‘सेफ्टी’ म्हणून चासीखाली विटा रचल्या आणि पाठीवर झोपून आत सरकला. थोड्या वेळाने आईने चहाला हाक मारली. काका कुरकुरत बाहेर आला. त्याने कप हातात घेतला आणि मागे धाडकन आवाज झाला. जॅक आडवा, विटांचा भुगा, आणि काका झोपला होता तिथे सुमोचा मागचा भाग.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हेच: “वहिनीच्या चहाने वाचवलं!” सगळे हसतात, काकाही हसतो. पण दोन टनही वजन नसलेली गाडी दहा टनी जॅकवरून पडलीच कशी, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

उत्तर सोपं आहे. वजन त्या जॅकला जडच नव्हतं. त्याचा तळ जेमतेम तळहाताएवढा, खाली अंगणाची माती, आणि काका आत पान्याला हिसके देत होता. गाडी थोडी हलली, जॅक कलला. दहाच्या जागी वीस टनी असता तरी तसाच कलला असता. टन म्हणजे सरळ वरून येणारं वजन. बाजूने बसणाऱ्या धक्क्याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

आणि तरीही आपण जॅक घ्यायला जातो तेव्हा पहिला प्रश्न काय विचारतो? “किती टनी आहे?”

मीही तोच विचारायला निघाले होते. पुण्यात भाड्याच्या घराखाली एक शटरवालं गॅरेज मिळालं, त्यात माझी सेकंडहँड हॅचबॅक. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड बघणं ही कामं घरीच करायची म्हणून ट्रॉली जॅक घ्यायचं ठरवलं. दुकानदाराने आधी “मिस्टरांसाठी का?” असं विचारून घेतलं, मग म्हणाला, “तीन टनी घ्या मॅडम, दोन टनीपेक्षा कधीही सेफ.” मी विचारलं, याची खालची उंची किती, वरची किती? तो बॉक्सकडे बघू लागला. बॉक्सवर ‘३ टन’ एवढंच मोठ्या अक्षरात होतं.

जरा हिशोब करू. साधी हॅचबॅक नऊशे-हजार किलोची. इंजिन पुढे, त्यामुळे पुढचं टोक उचललं तरी जॅकवर साधारण सहाशे किलो येतात. एकच कोपरा उचलला तर त्याहून बरेच कमी. म्हणजे अशा गाडीला दोन टनी जॅक पुरून उरतो. तिसऱ्या टनाचे पैसे तुम्ही मनाच्या समाधानासाठी मोजता. त्याला सेफ्टी म्हणत नाहीत.

मग बघायचं काय? टेप घेऊन गाडीपाशी बसा. जॅक लावायच्या जागेची जमिनीपासूनची उंची मोजा आणि टायर पंक्चर झाल्यावर ती किती कमी होईल तेही धरा. जॅक तिथे शिरला पाहिजे. मग वरची उंची. गाडी उचलताना आधी फक्त बॉडी वर जाते, सस्पेन्शन सुटं होत चाकाला खालीच ठेवतं. निम्मी उचल तिथेच खर्च होते. आपल्याकडच्या एसयूव्ही आधीच उंच, त्यामुळे स्वस्तातला बुटका जॅक पूर्ण वर जातो आणि चाक जमिनीलाच टेकलेलं राहतं. मग लोक काय करतात? जॅकखाली वीट ठेवतात. पुन्हा वीट!

तिसरी गोष्ट चाकांची. ट्रॉली जॅकला चाकं फक्त ओढून न्यायला दिलेली नसतात. त्याचा हात वर्तुळाच्या कमानीत वर जातो, त्यामुळे वर जाताना वाटी आडवीही सरकते. ते सरकणं भरून काढायला जॅक स्वतः थोडा पुढेमागे घरंगळावा लागतो. पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा मातीत त्याची छोटी लोखंडी चाकं अडकली की वाटी गाडीखालून घसरायला लागते. जमीन सपाट आणि टणक हवी. नसेल तर खाली जाड प्लायवूड टाका. जॅक लांब आणि रुंद बैठकीचा घ्या. जड आहे म्हणून नाक मुरडू नका. वाटीवर खाच असलेलं रबर पॅड असेल तर गाडीची कड चेपत नाही.

पण हे सगळं जमवून, उत्तम जॅक घेऊनही माझं भांडण संपत नाही. कारण जॅक हे उचलायचं यंत्र आहे, धरून ठेवायचं नाही. आत तेल असतं. छोट्या पिस्टनवर दिलेला दाब मोठ्या पिस्टनला उचलतो. शाळेत पाठ केलेला पास्कलचा नियम तो हाच. जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, त्यामागेही हेच तत्त्व. तत्त्व उत्तम आहे. पण ते तेल आत अडवून ठेवतं एक साधं रबराचं सील. सील झिजलं, झडपेत कचरा अडकला, कुणाचा पाय लागून हँडल फिरलं, की गाडी खाली. तुमच्या बरगड्या आणि गाडी यांच्यामध्ये एवढंच असतं.

म्हणून जॅकच्या बजेटमध्येच जॅक स्टँडची जोडी आणि चाकाला लावायची दोन उटणं धरा. बजेट तोकडं असेल तर जॅकचे टन कमी करा, स्टँड नाही. गाडी उचला, स्टँडवर टेकवा, हाताने हलवून बघा, मगच आत जा. हँडब्रेकवर विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांना लागतो. मागचीच चाकं उचललीत तर तो ब्रेक हवेत, आणि गाडी पुढच्या चाकांवर मोकळी. जमिनीवरच्या चाकांना उटणं हवीतच.

स्टँडही डोळे मिटून घेऊ नका. अमेरिकेत २०२० साली हार्बर फ्रेट या दुकान-साखळीने आपले तीन आणि सहा टनी स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले. दात नीट न अडकल्याने ते अचानक खाली बसण्याचा धोका होता. बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला, तेही परत मागवावे लागले. तिथेही डब्यावर टन लिहिलेले होतेच. म्हणून दात तपासा, वेल्डिंग तपासा, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. ते फुकटचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला, गॅरेजला टाकू ना गाडी.

टाका. पण तिथे गाडीखाली कोण जातं? नाक्यावरच्या गॅरेजात सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा असतो. त्याला नाव असतं, पण आपण ‘छोटू’ म्हणतो. तो एका जॅकवर उचललेल्या गाडीखाली पुठ्ठा टाकून सरकतो. आपण बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर रील बघतो आणि “किती वेळ लागेल रे?” विचारतो. २०२३ साली भारत एनकॅप आलं, तेव्हापासून आपण गाडी घेताना स्टार मोजतो, एअरबॅग मोजतो. गाडीच्या आत बसणाऱ्याच्या जिवाची किंमत आपल्याला कळली, चांगलं झालं. गाडीखाली झोपणाऱ्याची अजून कळायची आहे.

‘जुगाड’ या शब्दाचं आपल्याला फार कौतुक. पण जुगाड फसला तर अंगावर येतो तो गाडीखालच्या माणसाच्या, आणि नाही फसला तर त्याचा किस्सा होतो. आमच्या घरातला किस्सा असाच टिकला. अर्ध्या मिनिटाने उशीर झाला असता तर ती आमच्या घरातली न बोलायची गोष्ट झाली असती, आणि माझी चुलत भावंडं बापाशिवाय वाढली असती.

गेल्या दिवाळीत काका पुण्याला आला होता. मी गाडी उचलली, स्टँड लावले, तर म्हणाला, “दोन मिनिटांच्या कामाला केवढा पसारा!” मी म्हटलं, काका, तेव्हाही दोन मिनिटांचंच काम राहिलं होतं. तो काही बोलला नाही. हसलाही नाही.

पुढच्या वेळी गाडी गॅरेजला न्याल तेव्हा किती वेळ लागेल हे विचारण्याआधी एवढंच विचारा: “स्टँड आहेत का?” नसतील, तर गाडी परत घेऊन या.