काँगो तापावर बोलायला आपण का कचरतो?

बकरी ईदच्या तोंडावर काँगो तापाची बातमी आली की आपल्या व्हॉट्सॲप गटांत एकच उत्तर फिरतं: 'कुर्बानीला बदनाम करण्याचा डाव.' संशय मला कळतो. 2020 मध्ये तबलीगच्या नावानं काय झालं ते आपण पाहिलंय. परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना औरंगाबाद खंडपीठानं 'बळीचा बकरा' हा मुद्दा काढला, तोही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. पण म्हणून गोचीड चावायचं थांबत नाही.

हा विषाणू गोचिडातून जनावरात जातो. जनावर आजारी दिसत नाही. कापताना त्याचं रक्त अंगाला लागलं की माणसाला लागण होते. 100 रुग्णांतले 10 ते 40 दगावतात आणि सर्वत्र उपलब्ध अशी लस अजून नाही. नीट शिजवलेल्या मटणातून तो होत नाही. मग धोका कुणाला? कापणाऱ्याला, कातडं सोलणाऱ्याला, गुरं राखणाऱ्याला. यातले किती कुरेशी, किती खाटीक, हे मी सांगायला नको. अब्रू समाजाची वाचते, मरतो तो गरीब.

जानेवारी 2011 मध्ये अहमदाबादजवळच्या कोलाट गावातली एक बाई या तापानं गेली. मागोमाग तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं नमुने तपासले तेव्हा कुठे रोगाला नाव मिळालं.

नाव मिळणं किती अवघड असतं, हे भामरागडला कळतं. आरोग्य नोंदींच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी मी तिथे जातो. फॉर्मवर 'ताप' शब्दापुढे मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड आणि शेवटी 'इतर'. तिथला ताप अनेकदा मलेरियाच निघतो, तोही जीव घेतोच. पण नाकातोंडातून रक्त येणारा ताप 'इतर'मध्ये पडला की तो कुणाच्या पडद्यावर दिसणार? गडचिरोली सुमारे 180 किलोमीटर, पुणं तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की गावं तुटलीच. माकडताप 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडला. 2016 मध्ये दोडामार्गच्या कष्टकऱ्यांना त्यानं गाठलं. तोही गोचिडाचाच.

आपलं नाव रोगाशी नको तितकं जोडलं जातं. माडिया माणसाच्या रोगाला नावच मिळत नाही. दोघांची मागणी एकच हवी: तपासणी जवळ हवी, निकाल लवकर हवा. ती आपण करत नाही, खुलासे देत बसतो. पाकिस्तानची राष्ट्रीय आरोग्य संस्था ईदआधी काँगोच्या सूचना काढते. तिथली कुर्बानी काही बंद पडली नाही.

यंदा कुर्बानीच्या मंडपाचा हिशेब मांडाल तेव्हा कापणाऱ्यांसाठी हातमोजे, गमबूट आणि चष्मे त्यात धरा. बकरा बाजारात जनावरांवर दोन आठवडे आधी गोचीडनाशक मारायला पालिकेला लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या आणि तिचा फोटो त्याच व्हॉट्सॲप गटात टाका.