मुरलेली वाइन, पिकलेले वय

नाशिक-पुण्यास राहणारी मुले दिवाळीला वाइनची बाटली घेऊन येतात आणि वडिलांच्या जुन्या मित्रांसह ती उघडण्याचा बेत ठरतो. लोणच्याप्रमाणे प्रत्येक वाइन मुरत नाही. बहुतेक वाइन काही वर्षांतच संपवायच्या असतात. आपल्या मूर्तिजापूरच्या उन्हाळ्यात कपाटात राहिलेली बाटली तर बिघडतेच.

वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. वयपरत्वे शरीरातील पाणी घटते, म्हणून तोच पेला सत्तरीत अधिक चढतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची रक्तशर्करा त्यामुळे काही तासांनी, मध्यरात्रीही, धोकादायक उतरू शकते. घाम, थरथर, बरळणे ही लक्षणे ‘चढली आहे’ म्हणून दुर्लक्षिली जातात. अशा वेळी तत्काळ साखर तपासावी. शुद्धीवर असल्यास साखरपाणी द्यावे, शुद्ध हरपल्यास तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. झोपेची गोळी घेणाऱ्यांनी वाइन वर्ज्यच मानावी.

हृदयासाठी हितकर म्हणून कोणीही नव्याने आरंभ करू नये. घेणाऱ्याने जेवणासोबत, अल्प आणि सावकाश घ्यावी. न घेणाऱ्यास ताक द्यावे, आग्रह करू नये. जुन्या मित्रांच्या गप्पांना मात्र कोणतेही पथ्य नाही.