रेशनच्या पिशवीत नाचणी हवी

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्यात, असे सरकारी धोरण आहे आणि ते योग्यच आहे. परंतु डोळखांब किंवा टोकावड्याकडच्या पाड्यावरून आलेल्या बाईला "जेवलीस काय?" असे विचारले, की उत्तर ठरलेले असते : "भात आणि कालवण." नाचणी खात नाहीस का, असे विचारावे तर म्हणते, "सासू होती तोवर वरकसावर लावायचो. आता रेशनचा तांदूळ मिळतो, मग कशाला?"

तिचे काय चुकले? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्य दिले. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्याने चुली पेटत्या राहिल्या, हे कोणी नाकारू नये. पण पिशवीत येतात मुख्यतः तांदूळ आणि गहू. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, सडलेल्या तांदळात जेमतेम दहा. म्हणजे ताटातून नाचणी गेली आणि हातात गोळी आली!

वास्तविक त्याच कायद्यात भरडधान्याची तरतूद आहे. २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, तर साध्या भाताचा २,३६९. भाव दुपटीहून अधिक. परंतु गावाजवळ खरेदीच झाली नाही, तर कागदावरच्या भावासाठी उतारावर राबणार कोण?

वाट अवघड नाही. संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे जेवण मिळते. त्या ताटात तालुक्यातच पिकलेल्या नाचणीची भाकरी नियमाने वाढावी. रेशनच्या पाच किलोंपैकी एक किलो नाचणी द्यावी. शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळेल आणि वरकस जमीन ओस पडणार नाही.

तोवर घरच्यांनी एवढे करावे : दारची नाचणी विकून बिस्किटांचे पुडे आणू नयेत. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू या फुकटच्या भाज्या खाव्यात. मधुमेह्यांनी भाकरीही मोजूनच खावी. आणि गरोदर बायांनी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडू नयेत. नाचणी गोळीच्या जोडीला आहे, गोळीऐवजी नव्हे.