तळ्याकाठचा चतुर आणि घरातला डास

होळी झाली की रविवारी सकाळी पाषाण तलावावर जायचे, हा गेल्या काही वर्षांतला माझा नेम आहे. त्या सुमारास पाणी बरेच खाली गेलेले असते. काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्यात शेकाट्या आपले लांब गुलाबी पाय टाकत फिरत असतात. मधल्या पाण्यात काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी असतात. हळदीकुंकू बदकाच्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी दोन लाल ठिपके. ज्याने कोणी हे नाव ठेवले त्याची नजर पक्की असणार. थंडीत आलेली थापट्या आणि तलवार बदके एव्हाना उत्तरेच्या वाटेला लागलेली असतात. धोबी मात्र शेपटी हलवत अजून थोडे दिवस रेंगाळतात.

सरकारी रुग्णालयात नोकरी करणाऱ्या डॉक्टरने आरोग्याच्या सदरात पक्ष्यांच्या गोष्टी कशाला सांगायच्या, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर माझ्याच एका चुकीत आहे.

आमची सोसायटी तलावापासून फार लांब नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता इमारतीतल्या दोन मुलांना डेंगी झाला. त्यातली एक मुलगी चार दिवस रुग्णालयात होती आणि तिच्या आई-वडिलांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. सोसायटीची सभा भरली. ‘एवढे मोठे तळे शेजारी, मग डास होणार नाहीत तर काय!’ यावर सगळ्यांचे एकमत झाले. काठावरचे गवत आणि पाणकणीस काढून टाका, तलावाच्या कडेने धुराची फवारणी करा, असा अर्ज लिहिला गेला. सोसायटीतला डॉक्टर म्हणून त्यावर पहिली सही माझी होती.

दोन दिवसांनी हिवताप विभागाचा कीटक समाहारक आला. हातात बॅटरी आणि पांढरे भांडे. मी त्याला तलावाची वाट दाखवू लागलो, तर तो म्हणाला, “तळ्याकडे नंतर जाऊ साहेब, आधी गच्ची दाखवा.” गच्चीवर ताडपत्रीच्या घडीत साठलेल्या पाण्यात अळ्या निघाल्या. एका घरात फ्रिजमागच्या ट्रेमध्ये निघाल्या. शेवटी तो आमच्या घरी आला आणि बाल्कनीतली मनीप्लांटची बाटली त्याने उजेडात धरली. पाण्यात बारीक अळ्या वळवळत वर-खाली करत होत्या. “एडीसच्या आहेत,” एवढेच तो म्हणाला. पंचवीस वर्षे मी रुग्णांच्या नातेवाइकांना ‘घरात पाणी साठवू नका’ असे सांगत आलो होतो. त्या बाटलीकडे बघताना मला काही बोलता आले नाही.

ती मुलगी बरी झाली आणि आमचा अर्ज आम्ही मागे घेतला. पण असे अर्ज सगळीकडे होत असतात आणि त्यामागचा गैरसमज घट्ट आहे, म्हणून हे लिहितो आहे.

डास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डबके येते. प्रत्यक्षात प्रत्येक डासाची पाण्याची आवड वेगळी असते. डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडीस इजिप्ती हा माणसाच्या घराला चिकटलेला डास आहे. त्याला पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, टायर अशा ठिकाणचे स्वच्छ, स्थिर पाणी लागते. तो दिवसा चावतो आणि जिथे जन्मला तिथून काही शे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. शहरातला हिवताप पसरवणारा ॲनॉफिलीस स्टीफन्सी गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. हत्तीरोगाचा क्यूलेक्स गटारात आणि सांडपाण्यात वाढतो. मासे, बेडूक, बदके आणि शेकडो किडे असलेल्या जिवंत तळ्याचे खुले पाणी यांपैकी कोणालाच फारसे मानवत नाही. तिथे अळीला खाणारे फार असतात. राज्यात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला आणि २०२४ मध्ये पुणे शहरातही झिकाचे रुग्ण आढळले. दोन्ही वेळा आरोग्य कर्मचारी घरोघरची पाण्याची भांडी तपासत फिरत होते, ते याच कारणाने.

अळी खाणाऱ्यांत मला सर्वांत आवडतो तो चतुर. लहानपणी आपण ज्याच्या शेपटीला दोरा बांधायचो, तोच हा. चतुर आणि त्याची नाजूक चुलत बहीण टाचणी, दोघेही अंडी पाण्यात किंवा पाण्याजवळ घालतात. चतुराचे बालपण पाण्याखाली जाते आणि ते आपल्या डासांच्या दृष्टीने भयंकर असते. त्या पिल्लाचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो ओठ झटक्यात पुढे येतो आणि टोकाच्या चिमट्यात अळी सापडते. मोठा झाल्यावर तोच चतुर हवेत पायांची टोपली करून उडते किडे पकडतो. प्रयोगशाळेतल्या चित्रीकरणात त्याच्या दहापैकी नऊहून अधिक झडपा यशस्वी ठरलेल्या आहेत. वाघालाही हे जमत नाही.

आता धुराकडे वळू. फवारणीच्या धुरात बहुधा पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक असते. हा धूर थेट अंगावर आला तर उडता डास मरतो. पाण्यातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही, त्या पुढच्या आठवड्यात डास होऊन बाहेर पडतात. साथीच्या काळात रुग्णाच्या घरात आणि आसपास फवारणीला स्थान आहे, ते मी नाकारत नाही. पण एडीस तर पलंगाखाली आणि पडद्यामागे बसलेला असतो. तलावाच्या काठी धूर सोडून तो सापडणार कसा? उलट हीच द्रव्ये मासे आणि पाणकिड्यांना अत्यंत घातक असतात. म्हणजे चोर घरात, आणि आपण वेशीवरचा राखणदार मारून येतो. दम्याच्या रुग्णांना त्या धुराचा त्रास होतो, तो वेगळाच.

दुसरी गोष्ट सुशोभीकरणाची. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या कितीतरी तळ्यांना सिमेंटची कड, रंगीत दिवे आणि हिरवळ मिळाली. वृद्धांना चालायला जागा हवी, हे डॉक्टर म्हणून मीच सांगतो. पण चालायचा रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये गवत, लव्हाळे आणि चिखल यांचा पट्टा राहिला पाहिजे. चतुराचे पिल्लू पाण्यातून बाहेर पडून कात टाकते ते पाणकणसाच्या काडीवर. तुतवार चोच खुपसतो ती चिखलात. जांभळी पाणकोंबडी घरटे करते ती लव्हाळ्यात. उभी सिमेंटची भिंत यातल्या कोणाच्याच कामाची नाही. आपल्याला जो भाग अस्वच्छ वाटतो, तळ्याचे पोट तिथे भरते.

अर्थात प्रत्येक तळे निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. जिथे सांडपाणी सोडले जाते आणि जलपर्णी पाणी झाकून टाकते, तिथे प्राणवायू कमी होतो, मासे मरतात आणि डासांचे फावते. क्यूलेक्सला घाण पाणी चालतेच. मॅन्सोनिया नावाच्या डासाच्या अळ्या तर पाणवनस्पतींच्या मुळांना टोचून तिथूनच हवा घेतात. पाषाण तलावाला आणि त्याला पाणी देणाऱ्या रामनदीला ही दुखणी ठाऊक आहेत. पण त्यावरचा उपचार सांडपाणी अडवणे हा आहे. ताप आलेल्या रुग्णाला आपण पावडर लावून गोरा करत नाही.

तळ्याची तब्येत ओळखायला प्रयोगशाळा हवीच असे नाही. वसंतात तासभर काठावर उभे राहिले तरी बरेच कळते. नारिंगी पंखांचा एक छोटा चतुर सांडपाण्यालाही दाद देत नाही. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘कंटॅमिनाटा’, म्हणजे दूषित, असा शब्द आहे. काठावर तो एकटाच दिसत असेल तर काहीतरी बिघडले आहे. त्याच्याबरोबर गडद गुलाबी चतुर, निळ्या टाचण्या, पाण्यावर घसरत पळणारे लांब पायांचे किडे दिसत असतील तर तळे अजून झुंजते आहे असे समजावे. आम्ही नाडी बघतो, तसेच हे. एकदा बघून कळत नाही. दर महिन्याला बघितले की बदल लक्षात येतो.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली या दोघांच्या जन्मदिवसांना जोडणारा हा आठवडा. त्यात शाळा तळ्यांवर मुलांना नेतात, ते फार चांगले आहे. माझे म्हणणे एवढेच की फाल्गुन-चैत्रातही एक फेरी काढावी. पाणी आटत आल्यामुळे पक्षी कमी जागेत, जवळ दिसतात. कोकीळ ओरडायला लागलेला असतो, तांबटाची टुकटुक चालू असते, काटेसावरीवर गुलाबी मैनांचे थवे उतरतात. मुलांना उन्हात, मोकळ्यावर जास्त वेळ मिळाला तर जवळच्याच वस्तू दिसण्याचा दृष्टिदोष उशिरा येतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ओपीडीत सात-आठ वर्षांची मुले जाड भिंगांचे चष्मे लावून येतात तेव्हा हे फार जाणवते.

जाताना टोपी आणि पाणी घ्यावे, नऊच्या आत परतावे. दुर्बीण नसली तरी चालते. किड्यांसाठी तर डोळेच पुरतात. पंख उघडे ठेवून बसतो तो चतुर आणि बहुधा मिटून बसते ती टाचणी, एवढी खूण सुरुवातीला बास. बदकांना पाव घालू नये. पक्षी मेलेले दिसले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. आणि गप्पी मासे टाकीत, हौदात सोडावेत. नैसर्गिक तळ्यात नकोत, तिथे ते बाहेरचे ठरतात.

घरी आल्यावर मात्र दुसरी फेरी मारायची, बाल्कनी, गच्ची आणि फ्रिजच्या मागची. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून कोरडी करायची. नुसती ओतून भागत नाही. एडीसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून कडा घासून काढायच्या. आमच्या घरी हा कोरडा दिवस रविवार आहे. मी तळ्यावरून येतो, पायांचा चिखल धुतो आणि मनीप्लांटची बाटली घासायला घेतो. त्यात आता पाण्याऐवजी माती आहे, तरीही एकदा उजेडात धरून बघतोच.