पेपर मारणाऱ्याची किंमत

गाडीचे बॉनेट उघडून आतले इंजिन लखलखीत दिसले, की गिऱ्हाईक विचारते, "रंग कोणता मारला?" पेपर कोणी मारला, हे कोणी विचारीत नाही. गॅरेजमध्ये स्प्रे गन धरणारा तो वस्ताद आणि पेपर मारणारा तो पोऱ्या, अशी वाटणी ठरून गेलेली आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरातला मुलगा, भाऊ किंवा नवरा हेच काम करतो. म्हणून आज या कामाविषयी चार शब्द लिहीत आहोत.

पहिली गोष्ट ही, की गुळगुळीतपणा रंगाच्या डब्यात नसतो. गनने मारलेल्या एका हाताचा थर कागदाहूनही पातळ असतो. तो खड्डा भरीत नाही की ओरखडा झाकीत नाही. उलट चकाकी आली, की खालचे दोष जास्तच उठून दिसतात. गाडीच्या पत्र्यावर पुट्टीने थोडी लपवाछपवी करता येते. इंजिन तापते, तिथे ती साधी पुट्टी तडकते किंवा सुटते. म्हणजे इंजिनच्या भागावर जी सफाई दिसते, ती बहुतेक सारी पेपर मारणाऱ्या हाताची असते.

इंजिनच्या डोक्यावरचे टॅपेट कव्हर घ्या. आधी त्यावरचे तेल आणि चिकटा काढायचा. नुसते रॉकेल पुसून भागत नाही, कारण रॉकेलचाच तेलकटपणा मागे राहतो. साबणाच्या गरम पाण्याने धुऊन कोरडे करावे. तेलावरच पेपर मारला तर तेल ओरखड्यांत बसते आणि रंगाला बारीक गोल खड्डे पडतात. मग 80 किंवा 120 नंबरने जुना रंग आणि ओतकामाचा खडबडीतपणा काढावा, नंतर 220, नंतर 320. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. प्रत्येक नंबरचे काम एकच : आधीच्या नंबरचे ओरखडे घालवणे. घाईने मधला नंबर गाळला, तर तो ओरखडा रंग सुकल्यावर वर दिसतो. सपाट जागी पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा. नुसत्या बोटांनी घासले तर खाचा पडतात. उघड्या ॲल्युमिनियमला आधी एचिंग प्रायमर लागतो, नाही तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. प्रायमर सुकला, की 400 ते 600 नंबरचा वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवावा. बिडाचा ब्लॉक असेल तर घासून रात्रभर उघडा ठेवू नये. पावसाळी हवेत काही तासांतच त्यावर गंज धरतो.

गॅसकेट बसते ती कड, बोल्टची भोके आणि अर्थची वायर लागते ती जागा टेप लावून झाकावी. कव्हर आतून पुन्हा धुवावे. पेपरचे दाणे तेलात गेले, तर बेअरिंग खातात. रंग उष्णता सोसणारा इंजिनचाच घ्यावा आणि एक जाड हात मारण्यापेक्षा पातळ दोन-तीन हात मारावेत. धुराच्या मॅनिफोल्डला मात्र हा रंगही पुरत नाही. तिथली उष्णता कित्येक पट जास्त, म्हणून त्याचा रंग वेगळा मिळतो.

एवढे सारे ज्याला कळते, त्याला पोऱ्या म्हणून कमी लेखणे आम्हाला पटत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट त्याच्या छातीची आहे.

घरगुती आणि सजावटीच्या रंगातील शिशावर आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून मर्यादा आहे : दहा लाख भागांत 90 भाग. गाड्यांचे रंग त्या नियमात येत नाहीत. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा आणि तो चिखल सुकण्याआधी पुसून घ्यावा. जुन्या गॅसकेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. तिला ओली करूनच काढावी, हवेचा फवारा मारू नये. हार्डनर घालून मारायच्या रंगात आयसोसायनेट असते. 1984 साली भोपाळला जो वायू सुटला, तो याच कुळातला. हार्डनरमधले रसायन ते नव्हे, पण त्याने दमा जडतो. आणि एकदा जडला, की पुढे थोडासा वासही पुरतो. तोंडाला बांधलेला रुमाल यातले काहीच अडवीत नाही. घासताना धुळीचा चांगला मास्क हवा. हार्डनरचा रंग मारताना तोही पुरत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क हवा आणि बाकीच्यांनी तिथून दूर राहावे.

आता घरच्या माणसांना सांगणे. कामाचे कपडे घरात झटकू नका आणि लेकरांच्या कपड्यांत भिजवू नका. शिशाची धूळ कपड्यांवरून घरात येते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. कामावरून आलेल्याने हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच मूल उचलावे. हात थिनरने धुऊ नयेत. ते कातडीतून आत जाते. रात्री खोकला येतो, छाती घरघरते, सुट्टीच्या दिवशी बरे वाटते आणि कामावर गेले की पुन्हा सुरू होते, असे असेल तर ती साधी सर्दी समजू नका. डॉक्टरकडे जा आणि आपण काय काम करतो, हे न विचारताही सांगा.

मालकाकडे मास्क मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. गन जशी कामाचे हत्यार, तसाच मास्कही. आणि मुलांनो, पेपरचे नंबर शिकलात, तसे डब्यावर काय लिहिले आहे तेही वाचायला शिका. गन हातात घ्यायची, ती या दोन्ही विद्या घेऊनच.