औषध आहे, वाट नाही!

पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही वार्ता वर्षानुवर्षे पावसाळ्यात छापली जाते आणि वाचक ती वाचून पान उलटतात. त्या पुरापलीकडे, ज्याच्या गोळ्या परवा संपावयाच्या आहेत असा एखादा एचआयव्हीबाधितही अडकलेला असेल, हा विचार कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही आला नव्हता, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

एचआयव्ही म्हणजे मृत्यूचे बोलावणे, हा काळ सरला आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकार विषाणुरोधक औषधे विनामूल्य देऊ लागले. निदान होताच प्रत्येकावर उपचार सुरू करावेत, असे २०१७ साली ठरले. पुढे डोल्युटेग्राविर हे अधिक गुणकारी औषध असलेली, दिवसाला एकदाच घ्यावयाची गोळी आली. ती नियमाने घेतली म्हणजे बहुतेकांच्या रक्तातील विषाणुभार काही महिन्यांत दबतो. आणि तो चाचणीत सापडेनासा होऊन तसाच राहिला, तर त्या व्यक्तीपासून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे शास्त्राने निःसंशय सिद्ध केले आहे. म्हणजे एकच गोळी एकाला जगविते आणि दुसऱ्याला वाचविते. उपचार घेणाऱ्या शंभरांपैकी पंच्याण्णवांचा विषाणुभार २०२५ पर्यंत दबलेला असावा, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठेविले होते, ते याचसाठी.

मग भार दबत नाही तेव्हा दोष कोणाचा? 'रुग्ण बेफिकीर आहे' हे उत्तर शहरात बसून देणे फार सोपे आहे. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी दोन चुकल्या तरी पंच्याण्णव टक्क्यांचा नियम मोडतो. परंतु सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे, याचा हिशेब त्या नियमात कोठे आहे? मोटारीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मोजून मग फुकटचे औषध हाती पडते. तालुक्याच्या ठिकाणी जोडकेंद्रे काढण्याची योजना आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तालुक्याचे गाव आणि रानातले गाव यांतही अंतर असतेच. शिवाय जवळच्या केंद्रावर ओळखीचे डोळे असतात. ते चुकविण्यासाठी पदरमोड करून दूरचे केंद्र गाठणाऱ्याला बेफिकीर म्हणावयाचे की लोकलज्जेचा बळी म्हणावयाचे?

१९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. जिल्हे दोन झाले, पण पोटाची अडचण एकच राहिली. दोन्हीकडचे मजूर मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. तेथे एकाच खोपटात दहाजण राहात असता रोज गोळी लपवून घ्यावी लागते आणि ती संपली म्हणजे परक्या मुलखात, परक्या भाषेत मागावी लागते. घरी राहिलेल्या माडिया स्त्रीला समुपदेशकाची मराठी तरी कितीशी उमगते? त्यात क्षयरोग जडला तर त्यावरील रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरची मात्रा वाढवावी लागते. हे ज्याला नीट समजावून सांगितले गेले नाही, तो चुकला तर ती चूक त्याची कशी?

धान्याच्या बाबतीत सरकारला हे सारे कळते. पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या गावांना कित्येक महिन्यांचे धान्य आगाऊ पोचविले जाते. तेथे कोणी 'दरमहा या आणि घेऊन जा' म्हणत नाही. मग गोळीला वेगळा न्याय का? प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्याची मुभा २०२० च्या टाळेबंदीत दिली गेली, तेव्हा काही आभाळ कोसळले नाही. संकटात जी सोय झाली ती या रानात दर पावसाळ्यापूर्वी आणि दर मिरचीच्या हंगामापूर्वी हक्काने मिळाली पाहिजे. क्षयरोगाच्या तपासणीसाठी आलेल्या यंत्रांपैकी काही विषाणुभारही मोजू शकतात. ती त्या कामी जुंपावी, म्हणजे रक्ताच्या नमुन्याला दूरचा प्रवास घडणार नाही. आणि समुपदेशन माडियात, गोंडीत व सिरोंच्याकडे तेलुगूत व्हावे. यांत एकही मागणी चंद्र आणून देण्याची नाही.

राहिला प्रश्न आपला, शहरवासीयांचा. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करू नये आणि त्यांची गोष्ट गुप्त राखावी, असे सांगणारा कायदा २०१७ साली झाला व सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला. पण कायदा लज्जा पुसू शकत नाही. ती आपणच निर्माण केली आहे आणि आपणच पुसावयास हवी. रक्तातील विषाणुभार गोळीने दबतो; समाजाच्या मनातील भार कोणत्या औषधाने दबणार? तो दबेपर्यंत रानातल्या रुग्णाला बेफिकीर म्हणण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही.